तांदळे सरांचं भिणं

तांदळे सर भित्रे होते. मी बदनामी करत नाही हो. गाव म्हणायचं, कॉलेज म्हणायचं, आणि सर स्वतः तर सगळ्यांच्या आधी म्हणायचे. एखादा माणूस "मला वांगं चालत नाही" असं जेवायच्या आधी सांगून टाकतो, तसं ते नवीन माणसाला सांगून टाकायचे, "मी जरा भितो बरं का." मग समोरच्याला चिडवायलाही काही उरायचं नाही.

वर्गात आले की आधी वर बघायचे. पंखा नीट टांगलेला आहे का? मग टेबल पंख्याखालून बाजूला ओढायचे. मग खुर्ची दोन्ही हातांनी हलवून बघायचे आणि शेवटी उभ्यानंच शिकवायचे. पाल दिसली की तास व्हरांड्यात. कुत्र्यांना तर एवढे भ्यायचे की बारा महिने हातात छत्री. आता आमच्या भागात त्या वर्षांत पावसाचा टिपूस नव्हता, विहिरीचे तळ दिसत होते, माणसं घागरी घेऊन टँकरची वाट बघत उन्हात बसलेली, आणि त्यांच्यासमोरून हा माणूस छत्री घेऊन चाललेला. लोक सोडतात होय?

"सर, कुठं दिसला का पाऊस?"

"न्हाई बाबा," सर थांबून सांगायचे, "पण तुमच्या आळीत कुत्रं दिसलंय तांबडं."

आमचं कॉलेज बीड जिल्ह्यात, चौसाळ्याच्या पुढे, हायवे सोडून आत. सहकारी साखर कारखान्याच्या संस्थेनं काढलेलं. कारखान्याचे चेअरमन तेच संस्थेचे अध्यक्ष, आणि दूध संघावरही तेच. टँकर कुठल्या गावाला आधी जायचा हेही त्यांच्याच ओट्यावर ठरायचं. तत्त्वज्ञान हा विषय तिथं का ठेवला होता? तर त्याला प्रयोगशाळा लागत नाही म्हणून. ज्यांना मराठी, इतिहास मिळाला नाही ती पोरं तत्त्वज्ञानात यायची. मीही तशीच आले. दाखला आणायला उशीर झाला आणि उरलेलं पदरात पडलं.

पहिल्याच तासाला सर म्हणाले, "आधी नीट भिऊन घ्या. मग शिकवतो." आम्ही खिदळलो. सर काही हसले नाहीत. त्यांची शिकवायची रीत म्हणजे एकच. कुणाला तरी उभं करायचं, कशाची भीती वाटते विचारायचं, आणि उत्तर आलं की म्हणायचं, "बरं, मग?" पुढचं उत्तर आलं की पुन्हा, "बरं, मग?"

आमच्या वर्गातला गोरख उठला. "नापास व्हायची."

"बरं, मग?"

"बाप हाणंल."

"बरं, मग?"

"मग माय मधी पडंल."

"बरं, मग?"

"मग... मग जेवायला वाढंल."

सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "बघ. एवढा भ्यालास आणि शेवटाला भाकरीच निघाली." मग त्यातूनच ते जुन्या लोकांचे विचार काढायचे, मरण म्हणजे काय, दुःख कशानं होतं, माहीत असणं आणि वाटणं यात काय फरक. मी तर पहिल्या वर्षीच येडी झाले त्या विषयानं. घरी भाकरी थापतानासुद्धा मनात चालायचं, बरं, मग? बरं, मग?

चेअरमन साहेब एकदा कॉलेज तपासायला आले होते. त्या साली ऊसच नव्हता, कारखान्याचं धुराडं थंड पडलेलं, साहेब तसेही वैतागलेले. आमच्या वर्गात आले, सात-आठ टाळकी बघितली आणि म्हणाले, "तांदळे, आमच्याकडं उसाची रिकव्हरी बघतात. शंभर किलो ऊस गाळला तर साखर किती पडली ते. तुमच्या ह्या विषयाची रिकव्हरी किती हो?"

सरांच्या हातातला खडू खाली पडला. उचलायला वाकले तर चष्मा पडला. चष्मा डोळ्यांवर ठेवत सर खालूनच म्हणाले, "साहेब, मळीच निघती बहुतेक."

साहेब खो खो हसले, मागचे संचालक हसले, म्हणून वर्गही हसला. साहेब जाताना म्हणाले, "बरं हाय, खरं तरी बोलता." ते गेल्यावर सर खुर्चीत बसले. पहिल्यांदाच बसले, न हलवता. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. एवढं कशाला भ्यायचं माणसानं, असं वाटलं. तेव्हा मला भीतीतलं काय कळत होतं म्हणा.

मला ते कळलं बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. सर म्हणाले, विद्यापीठात एम.ए. तत्त्वज्ञानाला अर्ज कर, मुलाखत होते, वसतिगृह मिळतं. मी म्हणाले, मला भीती वाटते. सर नेहमीसारखे म्हणाले, "कशाची?"

"मुलाखतीत बोलता न्हाई आलं तर."

"बरं, मग?"

"मंग अण्णा लगीन लावत्याल. दगडू मुकादमानं पोरगं आणलंय, धर्मापुरीकडचं. त्याला जोडीदारीण पायजे. एकला माणूस म्हंजी अर्धा कोयता."

आमच्याकडं ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावर गाडीत चढवणार. एकट्या पोराला मुकादम धरत नाही. म्हणून दसऱ्याच्या आधी आमच्याकडं लग्नांची घाई उडते.

"बरं, मग?" सर म्हणाले, पण आवाज जरा हळू.

"मंग सा म्हैने तिकडं, उसाच्या मुलखात. पालात."

"बरं, मग?"

मी काय बोलतेय ते मलाच कळलं नाही. "मंग शकूताईगत पिशवी काढावी लागंल."

शकूताई म्हणजे माझी थोरली बहीण. दोन लेकरं झाली, आणि ऊसतोडीच्या तिसऱ्या सिझनला तिची गर्भपिशवी काढली. अंगावर जायचं, पोटात दुखायचं, कामाला खाडा व्हायचा. टोळीतल्या बायांनी सांगितलं, काढून टाक, कटकट मिटंल. डॉक्टरही म्हणाला, काढून टाका. शहरातल्या पोरींची त्या वयात लग्नंसुद्धा झालेली नसतात, आणि माझी बहीण कंबर धरून उठायला लागली. आणि ती काही एकटीच नव्हती. आमच्या वस्तीवर उन्हाळ्यात बाया दारात बसल्या की तेच बोलणं, तुझी कधी काढली, माझी कधी.

सर पुढचं "बरं, मग?" म्हणालेच नाहीत. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "ही खरी हाय, कौसल्या. हिच्या खाली भाकरी न्हाई." आणि मला दिसलं की सर भ्याले होते. पाल, पंखा, कुत्रं, चेअरमन, कशालाच तसे भ्यालेले मी त्यांना पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ते आमच्या वस्तीवर आले. छत्री, घामानं भिजलेला सदरा, आणि मागं वस्तीवरची सगळी कुत्री. मी दारातून बघितलं आणि देवाला म्हणाले, आता काय वाढून ठेवलंय? कारण ओसरीवर बाजेवर दगडू मुकादम बसलेला होता. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, बोलणं गोड. मुकादम वाईट बोलायचाच नाही. त्याला तशी गरजच पडायची नाही.

माझे वडील, अण्णा, गडबडीनं उठले. "या सर, बसा. कौशे, च्या टाक."

मी चहा आणला. सरांनी चहा बशीत ओतला आणि तसाच खाली ठेवला. मुकादम बघत होता.

"काय काम काढलं सर, एवढ्या उन्हाचं?"

"कौसल्याचं... पुढच्या शिक्षणाचं."

"ती तर धरलीया आमी यंदा टोळीत," मुकादम हसून म्हणाला. "पोराकडच्यांस्नी शब्द देऊन बसलोय. काय अण्णा?"

अण्णा मान खाली घालून. माझे अण्णा दुष्ट नव्हते हो. पण मुकादमापुढं आमच्या वस्तीवर कुणाचीच मान वर नसायची.

तेव्हा सर एकदम बोलून गेले, "तिची निवड झाली हाय. विद्यापीठात."

मी दाराआड थिजले. कसली निवड? अजून मुलाखत व्हायची होती!

"निवड? कशात?"

"तत्त्वज्ञानात."

मुकादमानं जरा विचार केला. मग त्याचा चेहरा एकदम बदलला. "म्हंजी कीर्तनाचं शिकायला चाललीया का?"

आता बघा, आमच्या बीड जिल्ह्यात ज्ञान म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा कीर्तनकारच येतो. गावोगाव सप्ताह, एकेका महाराजांच्या तारखा वर्ष-वर्ष आधी धरलेल्या. बाई कीर्तनकार झाली तर तिला गाडी न्यायला येते आणि माणसं पाया पडतात. तिला कोण ऊस तोडायला नेईल? मुकादम गडी माळकरी. सर सांगू शकले असते की तसं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मुकादमाकडं बघितलं, आणि म्हणाले, "तसंच... तसंच म्हणा की."

मुकादमानं हात जोडले! खरंच जोडले. "आरं मंग आदी सांगायचं न्हाई का अण्णा? एवढं पुण्याचं काम आन् तुमी गुमान बसलाव! आसं करा, श्रावणात आपल्या सप्त्यात हिला प्रवचनाला बसवा. दुपारचं. गावाला बी कळंल. बसली नीट तर मी पोराकडच्यांस्नी सांगतो, दुसरी बघा म्हनून." मग जरा थांबून, तेवढ्याच गोडीनं, "आन् न्हाई बसली, तर मंग आपलं ठरल्यालं हायच."

मुकादम गेल्यावर मी सरांच्या अंगावरच गेले. "सर, तुमी खोटं कावून बोललाव?"

"भ्यालो," सर म्हणाले. "बोललो ते कळलं न्हाई मला."

"आता मी प्रवचनात काय सांगू? डोंबल?"

"तेच तर म्हणतो," सर म्हणाले आणि कपाळावर हात मारून घेतला. "दोघंबी मेलो आपण."

ते श्रावणाचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. अन्न गोड लागेना. सर कॉलेजात मला बसवून शिकवायचे, असं बस, तसा हात कर, आवाज पोटातून काढ. त्यांना स्वतःला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. मी बोलायला लागले की त्यांनाच घाम फुटायचा. त्यात विद्यापीठाचं बोलावणंही आलं, आणि मुलाखत नेमकी सप्ताह संपल्यावरच्या सोमवारी. म्हणजे प्रवचनात नापास झाले तर मुलाखत नाहीच, आणि पास झाले तरी मुलाखतीत पडले तर सगळं खोटं उघडं पडणार. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात, तसं. आमच्याकडं तर त्या वर्षी आडही कोरडे आणि विहिरीही कोरड्या, पण पडायला काय, कोरडीही पुरते.

सप्ताहाला लागणारी साखर होती कारखान्याच्या जुन्या साठ्यातली, टँकर चेअरमन साहेबांचा. मंडपात एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. वीणा खांद्यावर घेऊन विणेकरी उभा, टाळकरी बसलेले. साहेब नारळ फोडायला म्हणून आले आणि मुकादमानं त्यांना आग्रहानं बसवून घेतलं. "आपल्या कॉलेजची पोरगी हाय साहेब, बघा तरी." मला गादीवर बसवलं. गळ्यात हार. समोर माईक. खाली सगळं गाव, आणि पुढच्याच रांगेत सर, मांडीवर हात घट्ट धरून.

मी तोंड उघडलं. काही आलंच नाही. नुसती हवा. टाळकरी एकमेकांकडं बघायला लागले. मागून कुणी तरी म्हणालं, "माईक चालू हाय का बे?" कुणी हसलं. मुकादम शांतपणे बघत होता, आणि मला माहीत होतं तो काय मोजतोय.

तेव्हा सर उठले.

"मला एक सांगायचंय."

"कुत्रं आलं का सर?" मागून कुणी तरी ओरडलं. मंडप हसला. सर तसेच उभे.

"हिची निवड झालेली न्हाई," सर म्हणाले. "मुलाखत सोमवारी हाय. आन् तत्त्वज्ञान म्हंजी कीर्तन न्हवं. मी खोटं बोललो."

हसणं थांबलं. मुकादम म्हणाला, "म्हंजी आमाला येडं केलं व्हय सर?"

"व्हय. तुमाला भ्यालो म्हणून. आत्ताबी भ्यायलोय. माजं पाय बघा." सगळ्यांनी बघितलं. विजारीच्या आत पाय थरथरत होते, लांबूनही दिसत होतं. "साहेबांलाबी भितो. ते समोरच हायेत. पण ही पोरगी ऊसतोडीला गेली तर काय हुतंय, ते मी इचारत इचारत शेवटापोतर गेलतो. तिथं जे हाय त्याला मी जास्त भितो. तिला मुलाखतीला जाऊ द्या. नापास झाली तर मी माझ्या हातानं आणून सोडतो."

आणि ते खाली बसले. बसले म्हणजे कोसळलेच, शेजारच्या माणसानं धरलं.

मग बायांच्या बाजूनं कुणी तरी उठायला लागलं, कंबरेला हात लावून, हळूहळू. शकूताई होती. डोक्यावरचा पदर नीट केला, आणि चार पुरुषांत कधी शब्द न बोललेली माझी बहीण मोठ्यानं म्हणाली, "अण्णा, हिची पिशवी ऱ्हाऊ द्या."

एवढंच. मग उभीच राहिली. बायांच्या बाजूला एकही बाई हलली नाही. पोटाशी पदर धरून सगळ्या खाली बघत होत्या. चेअरमन साहेब घड्याळ बघून उठून गेले. मुकादमानं सवयीनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं नाही. ते शकूताईकडं बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"जाऊ दे तिला सोमवारी," अण्णा म्हणाले. "पडली तर बघू."

सोमवारी सरांनी शकूताईला बरोबर घेतलं. "बाईमाणूस सोबत नसलं तर लोक काय म्हणतील," ही त्यांची आणखी एक भीती. पहाटेच्या एसटीनं निघालो. विद्यापीठ बघून तर मी फाटकातच थबकले. एवढी झाडं, एवढ्या इमारती, आणि इंग्रजी बोलत जाणारी पोरं. मुलाखतीला तिघं बसले होते. एकानं विचारलं, "तत्त्वज्ञानच का?" मी पाठ करून नेलेलं सगळं विसरले. म्हणाले, "भीती वाटते म्हणून." ते म्हणाले, "कशाची?" आणि मग मी बोलायला लागले ते थांबलेच नाही. काय बोलले ते आज आठवत नाही. शेवटी त्यांच्यातल्या बाई म्हणाल्या, "प्रवेश दिला. वसतिगृहात जागा आहे. आजच राहिलीस तरी चालेल."

मी पळत बाहेर आले. सर एका लिंबाखाली पारावर बसले होते, शकूताई शेजारी शेंगा सोलत. मी सांगितलं. शकूताईनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली. सर म्हणाले, "खरंच? त्यांनी नीट सांगितलं का? पुन्हा जाऊन इचारून ये." मी पुन्हा गेले, पुन्हा विचारून आले. तेव्हा कुठं त्यांनी डोळे पुसले.

मी तिथंच राहायचं ठरलं. संध्याकाळी दोघांना स्टँडवर सोडायला गेले तेव्हा मी म्हणाले, "सर, आता पुढच्या पोरींलाबी धाडा इकडं." सरांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "विषय बंद केलाय संस्थेनं. परवाच. मला डोंगरातल्या शाळेवर टाकलंय. मुकादमाच्या मूळ गावाला."

"सर! मग तुमी सांगितलं कावून न्हाई?"

"तुला मुलाखतीला जायचं हुतं. दोन भीत्या एकदम कशाला."

"तिथं नका जाऊ सर. दुसरीकडं बघा."

"कुठं जाऊ? घर हाय, म्हातारी माय हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला लई भीती वाटायलीय, कौसल्या."

मला काय बोलावं सुचेना. आज मी तीस-तीस पोरांना हाच विषय शिकवते, आणि अजूनही सुचलेलं नाही. सर त्यानंतर मला भेटले नाहीत. मी सुट्टीत गेले की ते डोंगरात असायचे, रस्ता धड नव्हता. आणि मग एका उन्हाळ्यात ते गेल्याचंच कळलं.

गाडी लागली. शकूताई खिडकीत बसली. सहा महिन्यांचा सिझन तिच्यापुढं होता, दसरा झाला की ती टोळीबरोबर निघणार होती. सर तिच्या मागच्या बाकावर बसले. गाडी हलली तशी शकूताईनं हात बाहेर काढून हलवला, हसत, लांबपर्यंत. सरांनी हात हलवला नाही. त्यांनी पुढच्या बाकाचा दांडा दोन्ही हातांनी गच्च धरला होता, आणि गाडी जिकडं चालली होती तिकडं ते बघत होते.